जुन्या मोटारीला नवा ब्रेक



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत संतवाङ्मय आणि अंदाजपत्रक या दोन भारदस्त विषयांच्या मधोमध मोटारीचा ब्रेक पाहून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु या सभागृहातून घरी जाताना आपण सारे कोणाच्या ना कोणाच्या ब्रेकवर विश्वास ठेवून रस्ता ओलांडणार आहोत, एवढे लक्षात घेतले म्हणजे विषय परका वाटणार नाही.

आमचा आजचा विषय त्यातल्या त्यात आणखी अरुंद आहे. अमेरिकेत जुन्या मोटारी जपणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. या मंडळींना पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाडी नुसती पुसून ठेवायची नसते, रस्त्यावर चालवायची असते. मग तिचे जुने ड्रम ब्रेक काढून पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक बसवण्याचा बेत ठरतो. बाजारात तयार संच मिळतात. संच येतो, दोन दिवस पाने फिरतात, चाके पुन्हा चढतात आणि मालक मोठ्या हौसेने पेडलवर पाय ठेवतो. तेव्हा एक तर पेडल दगडासारखे लागते आणि गाडी थांबत नाही. किंवा पेडल लोण्यासारखे आत जाते. किंवा गाडी थांबते, पण पुन्हा सुटायला तयार होत नाही. नवा माल, नवे पैसे, आणि ब्रेक जुन्याहून वाईट! हे असे का होते आणि दोष शोधावा कसा, हे आम्ही सांगणार आहोत. उदाहरणासाठी १९६५ सालची फोर्ड मस्टँग घेऊ. ती १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आली, अफाट खपली, आणि म्हणूनच अशा दुरुस्त्यांच्या वाट्याला ती फार येते.

प्रथम दोन्ही ब्रेकांचा स्वभाव पाहिला पाहिजे. ड्रम ब्रेक म्हणजे चाकाबरोबर फिरणारे एक लोखंडी भांडे. त्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू असतात. पाय दाबला की ते बाहेर फाकतात आणि भांड्याच्या आतल्या अंगाला घासतात. मुंबईच्या ज्या काळ्यापिवळ्या फियाट टॅक्सीने २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटचा निरोप घेतला, तिच्या चारही चाकांना हेच भांडे होते. डिस्क ब्रेक मात्र आपण सारे लहानपणापासून पाहत आलो आहोत, फक्त त्याचे नाव आपल्याला ठाऊक नव्हते. सायकलच्या रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे रबरी ठोकळे, तेच त्याचे तत्त्व. रिमच्या जागी लोखंडी चकती, रबराच्या जागी पॅड, आणि चिमटा काढणारा तो कॅलिपर. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच या जातीच्या ब्रेकचे पेटंट घेतले होते. परंतु त्याचा डंका वाजला तो १९५३ साली, जग्वारच्या गाडीने डिस्क ब्रेकांच्या जोरावर ल मांसची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा.

आता यातली खरी मेख. गावाकडे माजलेला बैल आवरायचा असेल तर गडी दाव्याचे दोन वेढे खुंट्याभोवती घेतो आणि टोक एका हातात धरतो. बैल जितका ओढील तितके दावे खुंट्याला अधिक आवळते. बैलाचा जोर बैलाच्याच विरुद्ध कामाला लागतो. ड्रम ब्रेकात अगदी हेच घडते. फिरणारे भांडे शूला आपल्याबरोबर ओढते, आणि त्या ओढीनेच शू भांड्यात अधिक रुततो. चालवणाऱ्याच्या पायाला फुकटचा मदतनीस मिळतो. डिस्कमध्ये हा मदतनीस नाही. पॅड जेवढे दाबाल तेवढेच धरणार, एक गुंजही अधिक नाही.

मग डिस्क बसवायचे कशाला, असे कोणी विचारील. उतारावर ड्रम तापतो, तापला की फुगतो आणि शूपासून दूर जातो. त्यातच घर्षणही घटते, आणि चौथ्या-पाचव्या वळणावर ब्रेक आहे की नाही असा प्रश्न पडतो. पाणी शिरले तरी तीच गत. चकती उघडी असते, वाऱ्याने लवकर निवते, आणि तापून जाड झालीच तर पॅडकडे सरकते, दूर जात नाही. तेव्हा डिस्क चांगला, यात वाद नाही. परंतु तो फुकटचा मदतनीस गेला, त्याचे काम कोणी तरी केले पाहिजे. आजच्या गाड्यांत ते बूस्टर करतो. इंजिनाच्या ओढीने निर्माण होणाऱ्या निर्वाताच्या साहाय्याने तो पायाचा जोर वाढवतो. मस्टँगवाल्या पुष्कळांना बूस्टर नको असतो. काहींना इंजिनाच्या खोलीत तो डबा बसवायला जागा नसते. काहींनी इंजिनात शर्यतीचा कॅमशाफ्ट घातलेला असतो आणि त्याने निर्वातच पुरेसा होत नाही. म्हणून बूस्टरविना डिस्क, निव्वळ पायाच्या बळावर चालणारा. हे अशक्य नाही. फोर्डने स्वतः १९६५ च्या मस्टँगला जादा पैसे घेऊन पुढचे डिस्क ब्रेक दिले होते, आणि तेही बूस्टरविना. पण कारखान्याने सारा हिशेब नव्याने मांडला होता. संच बसवणारा पुष्कळदा तो मांडत नाही, आणि आमच्या मते नव्वद टक्के कटकटी येथेच जन्मतात. हे नव्वद टक्के मोजून काढलेले नाहीत, बोलण्याच्या ओघातले आहेत, हे प्रांजळपणे सांगतो.

हा हिशेब तिसरी-चौथीच्या मुलालाही जमेल असा आहे. पेडल ही तरफ आहे. बूस्टर नसलेल्या गाडीत ती पायाचा जोर साधारण सहापट करते. बूस्टरच्या गाडीत चौपटच, कारण उरलेले काम बूस्टर करणार असतो. पुढे मास्टर सिलिंडर. त्यात एक पिस्टन तेलाला ढकलतो. जोर भागिले पिस्टनचे क्षेत्रफळ म्हणजे तेलातला दाब. सतराव्या शतकात पास्कलने सांगून ठेवलेली ही गोष्ट. याचा अर्थ असा की पिस्टन जितका बारीक तितका दाब अधिक. आपल्या अंतर्ज्ञानाला हे उलटे वाटते. मोठा सिलिंडर म्हणजे दांडगा ब्रेक, असे समजून लोक मोठा सिलिंडर आणतात आणि फसतात.

आकडे पाहा. पायाचा जोर ३० किलो धरा. तरफ सहापट, म्हणून पिस्टनवर १८० किलो. पिस्टनचा व्यास ७/८ इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ ३.९ चौरस सेंटिमीटर आणि दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे ४६ किलो. व्यास १ इंच असेल तर दाब ३५. व्यास १ १/८ इंच असेल तर २८. आणि हा शेवटचा जाडा सिलिंडर बूस्टरच्या गाडीतल्या चौपट पेडलला जोडला तर अवघा १९! पाय तोच, गाडी तीच, आणि दाब निम्म्याहून कमी. डिस्क ब्रेकाने गाडी तातडीने थांबवायची तर दाब ७० च्या आसपास लागतो असे धरू. पहिल्या जोडणीत त्यासाठी ४५ किलोचा पाय पुरेल. घाबरलेला माणूस तेवढा सहज देतो. शेवटच्या जोडणीत ११२ किलो लागतील. पेडलवर उभे राहिले तरी आपल्यापैकी बहुतेकांना ते जमायचे नाही.

तेव्हा पेडल दगडासारखे कठीण आणि गाडी थांबत नाही अशी तक्रार आली, की हवा काढायला धावू नये. कठीण पेडल म्हणजे तेलात हवा नाही याचीच ग्वाही. आधी सिलिंडरवर ओतलेला आकडा वाचावा, पेडलच्या खिळीपासूनची दोन अंतरे फूटपट्टीने मोजावी आणि भागाकार करावा. या भागाकाराला पैसे पडत नाहीत, म्हणूनच की काय, तो कोणी करीत नाही. आकडे जुळले तरी ब्रेक सुस्त असेल तर मग पॅडकडे वळावे. नवे पॅड आणि नवी चकती यांची ओळख व्हावी लागते. मध्यम वेगावरून वेग कमी करावा, पूर्ण थांबू नये, मध्ये निवू द्यावे, असे काही वेळा केल्यावर पॅडचा पातळ थर चकतीवर बसतो आणि पकड येते. बसवताना चकतीवर ग्रीसचे बोट लागले असेल तर पकड कधीच येणार नाही. शिवाय काही स्वस्त पॅड इतके कडक असतात की ते तापल्याशिवाय धरतच नाहीत. ते शर्यतीला ठीक, बाजारहाटाला नव्हे. आणखी एक गोष्ट. रोज बूस्टरची गाडी चालवणारा माणूस बूस्टरविना गाडीत बसला की त्याला चांगला ब्रेकही नादुरुस्त वाटतो. त्याच्या पायाचीही थोडी दुरुस्ती करावी लागते.

आता दुसरे टोक, मऊ पेडल. बारीक सिलिंडरने दाब वाढतो, पण जगात फुकट काही मिळत नाही. तेवढेच तेल ढकलायला त्याला लांब चालावे लागते. १ इंचाऐवजी ७/८ इंचाचा सिलिंडर लावला तर पेडलचा प्रवास जवळजवळ एकतृतीयांशाने वाढतो. ही लांबी स्वाभाविक आहे, दोष नव्हे. दोष असेल तर तो असा ओळखावा: पेडल एकदा दाबून सोडावे आणि लगेच पुन्हा दाबावे. दुसऱ्या खेपेला ते वर आले, तर कोठे तरी हवा आहे किंवा मागच्या ड्रममधले शू भांड्यापासून फार दूर राहिले आहेत. हे मागचे शू हा मोठा फसवा प्रकार आहे. काम पुढे केले म्हणून सगळे पुढेच शोधत बसतात, बाटल्याच्या बाटल्या तेल उपसतात, आणि गुन्हेगार मागे निवांत बसलेला असतो. मागचे चाक उचलून शूचा चक्री पेच फिरवावा. चाकाला हलकी घासण ऐकू येईपर्यंत आवळावा आणि किंचित मागे घ्यावा. निम्म्या गाड्या एवढ्यानेच सुधारतात.

तरीही पेडल मऊ राहिले तर अर्धी गाडी बाजूला काढून टाकण्याची युक्ती करावी. मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी नळ्या सोडवून तेथे बुचे बसवावीत आणि पेडल दाबावे. आता ते खांबासारखे ताठ लागले पाहिजे. ताठ लागले तर सिलिंडर निर्दोष, दोष पुढे नळ्यांत किंवा चाकांत. तरीही मऊ लागले तर हवा सिलिंडरच्याच पोटात आहे. गाडीला लावण्यापूर्वी तो बाकावर धरून तेलाने भरून घ्यायला हवा होता, ते राहिले. पुढे कॅलिपरपाशी पहिली नजर टाकावी ती हवा काढण्याच्या निपलवर. ते वरच्या टोकाला हवे. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला की बाकी सारे बिनबोभाट जुळते, फक्त निपल खाली जाते आणि हवेचा बुडबुडा वर अडकून राहतो. तो मग आठवडाभर हवा काढली तरी निघत नाही. आणि पेडल सरळ रस्त्यावर ठीक, पण वळण घेतल्यावर पहिल्याच दाबाला खोल जात असेल, तर चाकाचे बेअरिंग सैल आहे किंवा चकती वाकडी फिरते आहे. ती पॅडना मागे ढकलते आणि पुढच्या दाबाला ते अंतर भरून काढावे लागते.

तिसरी तक्रार आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती सुरुवातीला जाणवत नाही. ब्रेक सुटत नाही. गाडी थोडी जड चालते, चाकाजवळ वास येतो, आणि मालक म्हणतो, नवे आहे, घासून मोकळे होईल. ते मोकळे होत नाही. चकती तापते, तिची उष्णता कॅलिपरमधल्या तेलाला लागते, आणि तेल उकळले की त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. पेडल जमिनीला टेकते आणि गाडी पुढे जातच राहते. येथे कोणाचे तरी मूल रस्ता ओलांडत असू शकते. ब्रेकचे साधे डॉट ३ तेल कोरडे असताना २०५ अंशांच्या पुढे उकळते. परंतु हे तेल हवेतला ओलावा शोषते, आणि ओलावलेल्या तेलाची मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरलेली असते. म्हणून जुने तेल गाळून पुन्हा वापरणे ही काटकसर नव्हे.

ब्रेक अडकला असता दोष शोधण्याची एक सुरेख पद्धत आहे. ती वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखी एकेक पायरी मागे जाते. पुढची दोन्ही चाके उचलावीत, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोड्यांवर टेकवावी, पेडल काही वेळा दाबून सोडावे आणि चाक हाताने फिरवावे. अडकले? आता मास्टर सिलिंडर ज्या दोन नटांनी भिंतीला धरलेला असतो ते थोडे सैल करून तो पुढे ओढावा. चाक सुटले तर पेडलमागची दांडी लांब पडते आहे. पाय काढल्यावरही ती पिस्टनला थोडे दाबून ठेवते, तेल टाकीत परतण्याचे बारीक भोक झाकले जाते आणि दाब कोंडून राहतो. दांडी आखूड करावी, पेडलला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक राहावी. चाक सुटले नाही तर सिलिंडरच्या तोंडाची नळी सैल करावी. तेलाची चिळकांडी उडून चाक सुटले तर कोंडलेला दाब सिलिंडरच्या झडपेमागे आहे. ड्रमसाठी केलेल्या सिलिंडरच्या तोंडाशी एक लहान झडप असते. ती नळ्यांत थोडासा दाब, चौरस सेंटिमीटरला सुमारे पाऊण किलो, मुद्दाम टिकवून ठेवते. ड्रममधल्या स्प्रिंगा शूला मागे खेचायला समर्थ असल्याने तेथे तो दाब निरुपद्रवी असतो. कॅलिपरमध्ये स्प्रिंग नाही. तेवढ्या दाबानेही पॅड चकतीला चिकटून राहतात. जुनाच सिलिंडर ठेवून डिस्क बसवले की हे घडायचेच. नळी सैल करूनही चाक सुटले नाही, तर कॅलिपरचे निपल उघडावे. तेथे दाब सुटून चाक मोकळे झाले तर रबरी होजपाइप आतून सुजलेला आहे: बाहेरून धडधाकट, आतून एकमार्गी. आणि निपल उघडूनही चाक हलले नाही तर तेलाचा काही संबंध नाही. कॅलिपरचा पिस्टन गंजला आहे किंवा कॅलिपर तिरका बसला आहे. चार पायऱ्या, एक पाना, खाली एक फडके. फडके विसरू नये, हे तेल मोटारीचा रंग खाते.

ज्या जुन्या सिलिंडरची गोष्ट निघाली त्याच्याविषयी आणखी एक. १९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये चारही चाकांसाठी एकच टाकी आणि एकच पिस्टन होता. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. १९६७ च्या गाड्यांपासून पुढच्या आणि मागच्या चाकांचे तेल वेगळे झाले. संच बसवणाऱ्याने इतर काही केले नाही तरी दोन कप्प्यांचा सिलिंडर घालावाच. मूळ गाडीचे पावित्र्य जपणारे यावर नाक मुरडतात. त्यांनी गाडी प्रदर्शनात उभी करावी, रस्त्यावर आणू नये. आमचे स्पष्ट मत असेही आहे की नीट लावलेला, नीट आवळलेला ड्रम ब्रेक हा हिशेबाशिवाय बसवलेल्या डिस्कपेक्षा शतपट बरा. आणि जुना ड्रम उघडताना आतली भुकटी फुंकून उडवू नये. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही. ओल्या फडक्याने पुसावी.

राहता राहिली मागची चाके. ब्रेक लावला की गाडीचे वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात. पुढे डिस्क आले म्हणून तेलाचा दाब वाढवला, तोच दाब मागच्या ड्रमलाही मिळतो, आणि त्याचा तो बैलाच्या दाव्यासारखा गुण अजून शाबूत असतो. परिणाम असा की मागची चाके आधी जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी शेपटाकडून फिरते. पुढची चाके आधी जाम झाली तर गाडी निदान सरळ जाते. म्हणून मागच्या नळीत दाब आवरणारी एक झडप लागते. कारखान्याने आपल्या डिस्कवाल्या मस्टँगला ती दिली होती, संचवाले पुष्कळदा देत नाहीत. हाताने फिरवता येणारी झडप मिळते. ती लावावी, पण बैठकीत बसून जुळवू नये. रिकामे, सपाट, ओले मैदान घ्यावे, आसपास माणूस नसावे. सोबत्याने दूर बाजूला उभे राहून केवळ चाकांकडे पाहावे. कमी वेगाने सुरुवात करून ब्रेक जोराने लावावा. मागचे चाक आधी थांबले तर झडपेचा दाब अर्धा फेरा उतरवावा आणि पुन्हा पाहावे. पुढचे चाक किंचित आधी थांबू लागले की झडप तेथेच ठेवावी, फेरे कागदावर टिपून तो कागद गाडीतच ठेवावा, आणि मागचे शू पुन्हा आवळले किंवा टायर बदलले की ही सारी खटपट पहिल्यापासून करावी.